सँडविच पॅनेलची बेंडिंग टेस्ट: आधी हिशोब, मग कटिंग, सगळ्यात शेवटी यूटीएम

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हमखास एक वाक्य सापडतं, "सँडविच पॅनेलची फ्लेक्शरल स्ट्रेंथ १९.८ एमपीए आली". आता ही स्ट्रेंथ कसली, स्कीनची (बाहेरच्या पातळ, कडक थराची) का मधल्या फोमची का ग्लूची, आणि मुळात मोडलं काय, ते रिपोर्टमध्ये कुठेच नसतं. व्हायवाला एक्स्टर्नल नेमकं तेच विचारतात. बहुतेक वेळा गडबड टेस्टमध्ये नसतेच, ती आठवडाभर आधी झालेली असते, कारण पॅनेल बनवलं, मिळतील त्या साइजचे तुकडे कापले, यूटीएमवर (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर) ठेवले, दाबले, आणि मग आकड्याला अर्थ शोधायला बसले. क्रम उलटा पाहिजे.

हा लेख फायबर स्कीन आणि फोम कोअरच्या (कोअर म्हणजे मधला जाड, हलका थर) पॅनेलवर आहे, कारण कॉलेजात जास्त करून तेच बनतं. हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखा कोअर) आणि बाल्सासाठी (हलक्या लाकडाचा कोअर) जिथे वेगळं करायचंय तिथे सांगितलंय. कोल्ड स्टोरेजला लागणारी पत्र्याची पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनेल्स वेगळ्या स्टँडर्डने, म्हणजे मुख्यतः ईएन १४५०९ ने तपासतात, त्यांना हे आकडे जसेच्या तसे लावू नका.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय. दोन्ही बाजूंना २ मिमी ग्लास-इपॉक्सी स्कीन, मध्ये २० मिमी पीव्हीसी फोम, डेन्सिटी ८० किलो प्रति घनमीटर, तुकड्याची रुंदी ७५ मिमी. फोमची शिअर स्ट्रेंथ (थर एकमेकांवर सरकवणाऱ्या ताणाला टिकण्याची ताकद) १.१५ एमपीए, शिअर मॉड्युलस (त्याच ताणाखालचा कडकपणा) २७ एमपीए, कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ १.४ आणि कॉम्प्रेशन मॉड्युलस ९० एमपीए, हे या डेन्सिटीच्या फोमच्या डेटाशीटमध्ये दिसणारे नेहमीचे आकडे. स्कीनचा मॉड्युलस २० जीपीए आणि कॉम्प्रेशन स्ट्रेंथ २०० एमपीए धरलीये. तुमचे आकडे वेगळे असतील, पद्धत तीच राहील.

## टप्पा १: काय मोडायचंय ते ठरवा

सँडविच बीम वाकवला की तो बऱ्याच प्रकारे मोडू शकतो. कोअर शिअरमध्ये फाटतो, तेव्हा साधारण ४५ अंशात तिरका तडा दिसतो. वरची स्कीन दाबाने चिरडते, किंवा खालची ताणाने तुटते. वरची स्कीन बारीक सुरकुती पडल्यासारखी आत किंवा बाहेर वळते, त्याला रिंकलिंग म्हणतात. स्कीन कोअरपासून सुटते. आणि सगळ्यात जास्त वेळा जे होतं आणि कुणालाच नको असतं ते म्हणजे रोलरखाली फोम चेपला जातो.

प्रत्येक टेस्ट एका प्रकारासाठी असते. फोमची शिअर स्ट्रेंथ पाहिजे असेल तर आखूड बीम, स्टँडर्ड एएसटीएम (टेस्टची स्टँडर्ड्स काढणारी अमेरिकन संस्था) सी३९३. स्कीनची स्ट्रेंथ पाहिजे असेल तर लांब बीम आणि चार पॉइंट लोडिंग (खाली दोन सपोर्ट, वर दोन लोड), एएसटीएम डी७२४९. बेंडिंग आणि शिअर स्टिफनेस वेगवेगळे काढायचे असतील तर डी७२५०. बाँड कसा झालाय ते बघायचं असेल तर बेंडिंगच्या नादी लागू नका, सरळ सी२९७ ची फ्लॅटवाइज टेन्शन करा, तुकड्याच्या दोन्ही स्कीनला ब्लॉक चिकटवून ओढायचं, बस. फोम दाबून बघायचा असेल तर सी३६५.

सावधान: "एकाच टेस्टमधून सगळं काढू" हा प्लॅन असेल तर इथेच थांबा. एका बीममध्ये एकच गोष्ट आधी मोडते, बाकीच्यांबद्दल तुम्हाला फक्त इतकंच कळतं की त्या निदान एवढ्याला तरी टिकल्या.

## टप्पा २: कागदावर मोडून बघा

या टप्प्याला अर्धा दिवस द्या. बाकी सगळा वेळ इथेच वाचतो.

पहिल्यांदा एक सापळा सांगतो. एएसटीएमच्या सूत्रांत "डी" म्हणजे अख्ख्या सँडविचची जाडी आणि "सी" म्हणजे कोअरची जाडी. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत मात्र "डी" म्हणजे दोन स्कीनच्या मध्यरेषांमधलं अंतर. आपल्या उदाहरणात पहिला डी २४ आणि दुसरा २२. सूत्र एका ठिकाणचं आणि डी दुसरीकडचा असं झालं की उत्तर चुकतं, पण चूक इतकी लहान असते की नजरेला खटकत नाही, आणि तशीच थिसिसमध्ये छापली जाते. म्हणून खाली मी अक्षरं वापरतच नाहीये.

(क) कोअर किती लोडला फाटेल?

तीन पॉइंट बेंडिंगमध्ये (खाली दोन सपोर्ट, मधोमध एक लोड), कोअर शिअर स्ट्रेस = लोड ÷ [(एकूण जाडी + कोअर जाडी) × रुंदी]

उलटं फिरवलं की लोड = १.१५ × (२४ + २०) × ७५ = ३७९५ न्यूटन, म्हणजे ३.८ किलोन्यूटन. हा आकडा पुढे सारखा लागणार आहे. आणि यात स्पॅन (दोन सपोर्टमधलं अंतर) कुठेही आला नाही हे बघून ठेवा.

(ख) त्या लोडला स्कीनमध्ये किती ताण?

स्कीन स्ट्रेस = लोड × स्पॅन ÷ [२ × स्कीन जाडी × (एकूण जाडी + कोअर जाडी) × रुंदी]

सी३९३ चा नेहमीचा स्पॅन १५० मिमी घेतला तर ४३ एमपीए येतो. स्कीन २०० ला मोडणार, म्हणजे ती निवांत आहे, कोअर आधी जाणार. छान, हेच हवं होतं.

(ग) रोलरखाली काय होतंय?

ही पायरी लोक सर्रास सोडतात. मधल्या लोडिंग पट्टीची रुंदी २५ मिमी असेल तर तिच्याखालचा दाब = ३७९५ ÷ (७५ × २५) = २.० एमपीए. फोम १.४ ला चेपतो! स्कीन थोडा लोड आजूबाजूला पसरवते, त्यामुळे हा हिशोब जरा कडक आहे, पण भरवसा ठेवायचा नाही. ३७९५ ला १.४ आणि ७५ ने भागलं की पट्टी किमान ३६ मिमी रुंद पाहिजे असं निघतं, म्हणजे ४० किंवा ५० ची लावा. सपोर्टवर लोड अर्धा असतो, तिथे २५ मिमीच्या पट्टीवर १.० एमपीए येतो, चालेल.

पट्टी ५० ची केली की १५० च्या स्पॅनमध्ये पट्टीची कड आणि सपोर्टची कड यांच्यात जेमतेम ३७ मिमी मोकळी जागा उरते आणि शिअरचा तडा पडायला नीट वाव मिळत नाही, म्हणून मी अशा वेळी स्पॅन २०० करतो. मोकळी जागा ६२ मिमी होते, स्कीन स्ट्रेस ५७ पर्यंत जातो, अजूनही सुरक्षित. तुकड्याची लांबी स्पॅनपेक्षा ५० मिमी जास्त, म्हणजे २५०.

(घ) स्कीन मोडायची असेल तर?

इथे खरी मजा आहे. डी७२४९ चा नेहमीचा तुकडा ६०० मिमी लांब, ७५ रुंद, सपोर्ट स्पॅन ५६०, वरच्या दोन लोडिंग पॉइंटमधलं अंतर १००. सूत्र वरचंच, फक्त स्पॅनच्या जागी दोन्ही अंतरांची वजाबाकी, म्हणजे ४६०. कोअर फाटण्याच्या लोडला, ३७९५ न्यूटनला, स्कीन स्ट्रेस येतो १३२ एमपीए. म्हणजे स्टँडर्डचा तुकडा, स्टँडर्डचा स्पॅन, सगळं पुस्तकाप्रमाणे केलं तरी स्कीन मोडणारच नाही, कोअरच फाटणार. साइज स्टँडर्डची असली की रिझल्टही बरोबर येणार असं धरून चालतात ना, ते इथे गंडतं.

आता स्कीन १ मिमी करून बघू. कोअर फाटायचा लोड ३६२२ न्यूटन होतो आणि त्या लोडला स्कीन स्ट्रेस २६४ एमपीए. म्हणजे आता स्कीन आधी जाईल. पण कशी जाईल? रिंकलिंगचा ढोबळ अंदाज असा:

रिंकलिंग स्ट्रेस = ०.५ × घनमूळ (स्कीन मॉड्युलस × कोअर मॉड्युलस × कोअर शिअर मॉड्युलस)

२०,००० × ९० × २७ चं घनमूळ ३६५, त्याचं निम्मं १८२ एमपीए. २०० च्या आधी १८२ येतो, म्हणजे बहुतेक स्कीन चिरडायच्या आधी सुरकुतणार. मग रिपोर्टमध्ये "स्कीनची कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ" असं लिहायचं नाही, "रिंकलिंग स्ट्रेस" लिहायचं. दोन आकडे इतके जवळ असले की काही तुकडे असे मोडतील आणि काही तसे, तेव्हा जरा जड डेन्सिटीचा फोम घेतलेला बरा.

(ङ) किती वाकेल?

डिफ्लेक्शन दोन गोष्टींची बेरीज असते, बेंडिंगचं आणि शिअरचं. आपल्या २ मिमी स्कीनच्या पॅनेलला १५० स्पॅनवर, तीन पॉइंटमध्ये, १ किलोन्यूटन लावला तर बेंडिंगने ०.१ मिमी आणि शिअरने ०.७७ मिमी. म्हणजे जवळपास नव्वद टक्के डिफ्लेक्शन शिअरचं! स्पॅन ५६० केला तरी बेंडिंग ५ मिमी आणि शिअर २.९ मिमी, शिअर तेव्हाही तिसऱ्या हिश्श्याहून जास्तच. साध्या बीमचं सूत्र लावून ज्यांनी मॉड्युलस काढलाय त्यांचा आकडा एवढा कमी का येतो, ते यावरून कळेल.

आणि १ मिमी स्कीनचा लांब बीम १८२ एमपीएला पोचेपर्यंत मध्यभागी साधारण ३३ मिमी खाली येईल. फिक्स्चरखाली तेवढी जागा आहे का? एलव्हीडीटीचा (डिफ्लेक्शन मोजायच्या सेन्सरचा) स्ट्रोक तेवढा आहे का? लॅबमध्ये जाऊन आत्ता बघून या, तुकडे कापल्यावर नको.

चेक: पुढे जायच्या आधी एका कागदावर हे लिहिलेलं पाहिजे: काय मोडणार, अंदाजे किती लोडला, किती डिफ्लेक्शनला, आणि दुसऱ्या नंबरला काय मोडू शकतं. पहिल्या आणि दुसऱ्या नंबरच्या लोडमध्ये निदान २५-३० टक्के अंतर ठेवा.

## टप्पा ३: पॅनेल बनवणं

फोमची शीट हातात आली की आधी वजन करा, मापं घ्या, डेन्सिटी काढा. शीटवर ८० छापलंय म्हणून ८० असेलच असं नाही, आणि फोमची स्ट्रेंथ डेन्सिटीवरच चालते. दोन वेगळ्या शीट वापरणार असाल तर कुठला तुकडा कुठल्या शीटचा ते लिहून ठेवा.

फोमवरची धूळ व्हॅक्यूम क्लीनरने ओढा. ओल्या फडक्याने पुसू नका, थिनर तर अजिबात नको. हात लागले की तेल लागतं, ग्लोव्ह्ज घाला. फोमच्या पृष्ठभागावरची उघडी छिद्रं थोडं रेझिन पितात, म्हणून हँड ले-अप (हाताने थर लावणं) करताना फोमला आधी रेझिनचा पातळ हात द्या आणि मगच ग्लास ठेवा, नाहीतर फोम ग्लासमधलं रेझिन ओढून घेतो, बाँडलाइन कोरडी राहते, आणि नंतर स्कीन पापडासारखी सुटते.

सावधान: स्वस्तात होतंय म्हणून थर्माकोल कोअर आणि पॉलिस्टर रेझिन ही जोडी करू नका. पॉलिस्टरमधलं स्टायरिन थर्माकोल विरघळवतं, सकाळी येऊन बघाल तर मध्ये पोकळी. थर्माकोलच वापरायचा असेल तर इपॉक्सी घ्या.

व्हॅक्यूम इन्फ्यूजन (कोरडे थर बॅगेत बंद करून व्हॅक्यूमने रेझिन ओढणं) करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इन्फ्यूजनच्या फोमला भोकं किंवा खाचा असतात, रेझिन पसरायला. त्या सगळ्या रेझिनने भरतात आणि फोममध्ये कडक रेझिनच्या काड्या तयार होतात. पॅनेल जड होतं, कोअरची शिअर आणि कॉम्प्रेशन व्हॅल्यू बदलते. त्यामुळे साध्या फोमच्या डेटाशीटशी तुमचा रिझल्ट जुळणार नाही, आणि जुळला नाही म्हणून घाबरायचंही कारण नाही, फक्त खाचा किती अंतरावर आणि किती खोल होत्या ते लिहा. हनीकोंबला इन्फ्यूजन करायचंच नाही, सगळे सेल रेझिनने भरतील. तिथे प्रीप्रेग (आधीच रेझिन भिनवलेलं कापड) आणि फिल्म ॲढेसिव्ह लागतं.

हार्डनर वजनाने मोजा, साध्या डिजिटल काट्यावर, "अंदाजे दोन झाकणं" नको. क्युअर (रेझिन घट्ट होणं) आणि पोस्ट-क्युअर (नंतर परत गरम करणं) रेझिनच्या डेटाशीटप्रमाणे. घाईत पोस्ट-क्युअर टाळलेलं पॅनेल आज टेस्ट केलं आणि पंधरा दिवसांनी केलं तर वेगळे आकडे देतं, आणि मग अर्धे तुकडे आधी अर्धे नंतर अशी टेस्ट झाली की सगळं मुसळ केरात.

पॅनेल गरजेपेक्षा मोठं बनवा. चारी कडांचे २५-३० मिमी टाकून द्यायचेत, तिथे जाडी आणि रेझिन कधीच सारखं नसतं. शिवाय पाच चांगले तुकडे लागतात, एक-दोन ट्रायलला जातात, आणि दोन-तीन फ्लॅटवाइज टेन्शनसाठी ठेवा, ५० × ५० चे पुरतात.

चेक: नाण्याने अख्खं पॅनेल टकटक करून ऐका. जिथे आवाज बद्द येतो तिथे बाँड नाही. मार्करने गोल करा आणि तो भाग टेस्टसाठी घेऊ नका.

## टप्पा ४: कटिंग

कापायच्या आधी पॅनेलवर नकाशा काढा, प्रत्येक तुकड्याला नंबर, वरची बाजू कुठली त्याला बाण. इन्फ्यूजनमध्ये मोल्डकडची आणि बॅगकडची स्कीन सारखी नसते, त्यामुळे पाचही तुकड्यांत एकच बाजू वर आली पाहिजे.

डायमंड ब्लेड वापरा, हळू चालवा. दाताचा लाकडी ब्लेड ग्लास उचकटतो आणि कडेला स्कीन सुटते, तिथूनच मग तडा सुरू होतो. बंद सेलच्या पीव्हीसी फोमला पाण्यासोबत कापलं तर हरकत नाही, नंतर नीट वाळवा. बाल्सा आणि हनीकोंबला पाणी लावू नका. ग्लासची धूळ उडते, मास्क घाला, आणि फुल बाह्यांचा शर्ट, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

हनीकोंब असेल तर दिशा! रिबनच्या (हनीकोंबमधल्या सलग पट्ट्यांच्या) दिशेने शिअर स्ट्रेंथ आणि स्टिफनेस आडव्या दिशेपेक्षा बरीच जास्त असते, बऱ्याचदा दीडपट-दुप्पट. तुकडा कुठल्या दिशेने कापला हे लिहिलं नसेल तर तो आकडा फुकट गेला. कापल्यावर दिशा ओळखणं सोपं नसतं, म्हणून कापायच्या आधीच मार्करने लिहा.

कापून झालं की तुकडे लॅबच्या हवेत स्थिर होऊ द्या. स्टँडर्डला २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता अपेक्षित आहे. जुलैत मुंबईत किंवा कोकणात साध्या लॅबमध्ये ५० टक्के कुठून येणार, तेव्हा एसी रूम नसेल तर निदान टेस्टच्या दिवशीचं तापमान आणि आर्द्रता नोंदवा. फोम-इपॉक्सीला फार फरक पडत नाही, बाल्साला पडतो.

## टप्पा ५: मापं आणि वजन

प्रत्येक तुकड्याची रुंदी आणि जाडी तीन ठिकाणी मोजा, मधोमध आणि दोन्ही टोकांकडे. जाडीला वर्निअरपेक्षा मायक्रोमीटर चांगला, पण फोम दाबू नका.

स्कीनची जाडी लोक "दोन थर म्हणून २ मिमी" अशी लिहून मोकळे होतात. असं नको. कापलेल्या कडेला पॉलिश पेपर मारा आणि भिंगाखाली किंवा मायक्रोस्कोपखाली मोजा, वरची वेगळी, खालची वेगळी. स्कीन स्ट्रेसच्या सूत्रात ही जाडी थेट भाजकात आहे, ती १० टक्के चुकली की स्ट्रेसही तेवढाच चुकला.

वजन करायचं विसरू नका. नंतर एखादा तुकडा विचित्र वागला तर पहिला पुरावा वजनच असतं.

## टप्पा ६: मशीन आणि फिक्स्चर

इथे कॉलेजच्या लॅबमधली सगळ्यात मोठी गोची. मशीन सिव्हिल लॅबमधलं, सळया आणि काँक्रीटसाठीचं, ४०० किंवा १००० किलोन्यूटनचं, आणि तुमचा लोड ३.८ किलोन्यूटन. म्हणजे पूर्ण क्षमतेच्या एक टक्का सुद्धा नाही. डायलवर काटा हलला की नाही याच्यावर वाद घालायची वेळ येते. छोटं मशीन शोधा, ५ किंवा १० किलोन्यूटन लोडसेलचं, आणि तुमच्या रेंजमध्ये त्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आहे का ते विचारा. तुमच्याकडे नसेल तर प्लास्टिक किंवा टेक्स्टाइल टेस्टिंगवाल्यांकडे असतं. बाहेर पैसे देऊन केलेली चांगली टेस्ट कॉलेजातल्या फुकटच्या वाईट टेस्टपेक्षा स्वस्तच पडते.

फिक्स्चर लावताना:

सपोर्टची पट्टी तुकडा वाकला की फिरू शकली पाहिजे, घट्ट वेल्ड केलेली नको. पट्टीखाली ३ मिमी जाडीचा रबर पॅड ठेवा, शोर ए (रबराच्या कडकपणाचं माप) ६० च्या आसपासचा, म्हणजे कड स्कीनमध्ये रुतत नाही. पट्टी तुकड्याच्या पूर्ण रुंदीभर टेकलीये का ते कागदाची पट्टी सरकवून बघा, एका बाजूला सरकली तर तुकडा पिळला जातोय.

स्पॅन पट्टीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. आतल्या कडेपासून नाही.

डिफ्लेक्शन क्रॉसहेडवरून (मशीनच्या हलणाऱ्या आडव्या भागावरून) घेऊ नका. हे दोनदा वाचा. क्रॉसहेडच्या आकड्यात रबर पॅड दबतो ते, रोलरखाली फोम थोडा चेपतो ते, मशीन स्वतः थोडं ताणतं ते, सगळं मिसळलेलं असतं. आपल्या १५० स्पॅनच्या उदाहरणात १ किलोन्यूटनला खरं डिफ्लेक्शन ०.८६ मिमी. त्यात फक्त ०.३ मिमी रबराचं आणि मशीनचं मिसळलं की फोमचा शिअर मॉड्युलस २७ च्या जागी १९ येतो. तुकड्याच्या खालच्या स्कीनला, मधोमध, एलव्हीडीटी किंवा डायल गेज लावा. तीन पॉइंट टेस्टमध्ये वरून मोजायचं नाही, वर चेपलेला फोम असतो.

स्कीनचा ताण नेमका पाहिजे असेल आणि बजेट असेल तर लांब बीमवर दोन स्ट्रेन गेज, वर एक, खाली एक, दोन्ही लोडिंग पॉइंटच्या मधल्या भागात.

## टप्पा ७: टेस्ट

ट्रायलचा तुकडा आधी, पाच चांगल्यांपैकी नाही.

थोडा लोड लावून, अंदाजे मोडण्याच्या लोडच्या ५ टक्के, सगळं बसू द्या, मग शून्य करा. क्रॉसहेडचा सुचवलेला स्पीड मिनिटाला ६ मिमी आहे, पण तुकडा ३ ते ६ मिनिटांत मोडावा ही अट जास्त महत्त्वाची. आपला २०० स्पॅनचा आखूड बीम कोअर शिअरच्या लोडपर्यंत साधारण ४.७ मिमीच वाकतो, तो ६ मिमीच्या स्पीडने मिनिटाभरात संपेल. तिथे दीड-दोन मिमी ठेवा आणि ट्रायलवर वेळ लावून बघा. लांब बीमला ६ बरोबर बसतो, साधारण पाच मिनिटं.

मोबाइल ट्रायपॉडवर लावून कडेने व्हिडिओ घ्या, फ्रेममध्ये नंबर आणि लोडचा डिस्प्ले दोन्ही दिसू द्या. पहिला तडा कुठे पडला हे नंतर तुकड्याकडे बघून सांगता येत नाही, कारण कोअर फाटला की पाठोपाठ स्कीनही सुटते आणि दोन्ही दिसतात. मग "डीबाँडिंगने मोडला" असं चुकीचं लिहिलं जातं.

आणि लोड पडायला लागला की लगेच मशीन थांबवा. पूर्ण दोन तुकडे होईपर्यंत दाबत बसायचा मोह होतो, फोटो भारी येतो, पण सुरुवात कुठे झाली तो पुरावा चिरडून जातो.

सावधान: पीव्हीसी फोम डक्टाइल आहे (लगेच न फाटता बराच ताणला जातो), ग्राफला टोकदार शिखर येईलच असं नाही, वळून बराच वेळ सपाट चालतो. अशा वेळी जास्तीत जास्त लोडसोबत २ टक्के ऑफसेटने काढलेली यील्ड व्हॅल्यूही द्या.

## टप्पा ८: मोडलेला तुकडा बघणं

सी३९३ मध्ये प्रत्येक फेल्युअरला तीन अक्षरांचा कोड असतो: प्रकार, भाग, जागा. तो प्रत्येक तुकड्याला द्या.

मग स्वतःला एक प्रश्न: टप्पा २ मध्ये जे मोडायचं ठरवलं तेच मोडलं का? कोअर शिअर पाहिजे होतं आणि मधल्या पट्टीखाली खड्डा पडून स्कीन तुटली असेल तर तो तुकडा सरासरीत घेता येत नाही, लोड कितीही छान आला तरी. पट्टी रुंद करा आणि नवा तुकडा लावा. तडा सपोर्टच्या बाहेर, लोंबत्या टोकात पडला असेल तर बहुतेक कटिंगमध्येच काहीतरी बिघडलंय.

स्कीन सुटलेली असेल तर तिच्या आतल्या बाजूला बघा. फोमचा थर चिकटून आलाय म्हणजे बाँड चांगला होता, फोमच फाटला. स्कीन स्वच्छ आणि चकचकीत असेल तर बाँड गेला, आणि मग आलेला आकडा कोअरचा नाहीच.

## टप्पा ९: आकडे काढणं

आता तो सुरुवातीचा १९.८ एमपीए कुठून येतो ते. यूटीएमच्या सॉफ्टवेअरमध्ये "थ्री पॉइंट बेंड" निवडलं की ते एकसंध पट्टीचं सूत्र लावतं, ३ × लोड × स्पॅन ÷ (२ × रुंदी × जाडीचा वर्ग). आपल्या उदाहरणात ३७९५ न्यूटन आणि १५० स्पॅनला १९.८ येतो. प्रत्यक्षात त्या क्षणी फोममध्ये १.१५ आणि स्कीनमध्ये ४३ आहे. पॅनेलमध्ये कुठेही १९.८ नाही! सॉफ्टवेअरमधून फक्त लोड आणि डिफ्लेक्शनचा कच्चा डेटा घ्या, बाकी हिशोब स्वतः एक्सेलमध्ये.

कोअर फाटला असेल तर मुख्य रिझल्ट कोअर शिअर स्ट्रेस, आणि सोबत त्या क्षणीचा स्कीन स्ट्रेस द्या, पण त्याला "स्ट्रेंथ" म्हणू नका. स्कीन मोडली असेल तर याच्या उलट.

स्टिफनेससाठी एकाच प्रकारचे तुकडे दोन किंवा तीन वेगवेगळ्या स्पॅनवर हलक्या लोडला, मोडू न देता, टेस्ट करा. तीन पॉइंटसाठी प्रत्येक स्पॅनला डिफ्लेक्शन भागिले (लोड × स्पॅन) काढा, आडव्या अक्षावर स्पॅनचा वर्ग घ्या, सरळ रेषा येते. तिचा उतार म्हणजे १ ÷ (४८ × बेंडिंग स्टिफनेस), आणि उभ्या अक्षावर जिथे कापते ते १ ÷ (४ × शिअर स्टिफनेस). स्पॅन एकमेकांपासून लांबचे घ्या, १५० आणि २०० घेऊन रेषा काढली तर ती कुठेही जाईल, १५०, ३०० आणि ५०० घ्या.

चेक: यातून आलेला फोमचा शिअर मॉड्युलस डेटाशीटच्या आसपास आहे का? अर्धाच आला असेल तर फोमला दोष द्यायच्या आधी डिफ्लेक्शन कुठून घेतलं ते बघा.

पाच तुकड्यांची सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन आणि टक्क्यांत कोएफिशिअंट ऑफ व्हेरिएशन द्या. एखादा तुकडा फार वेगळा आला तर त्याचं वजन, नकाशातली जागा आणि व्हिडिओ बघा. कारण सापडलं तर कारणासकट वगळा. "आउटलायर म्हणून वगळला" एवढंच लिहून चालत नाही, तो वगळायचा अधिकार कारणामुळे मिळतो.

## टप्पा १०: एफईए जुळवायचं असेल तर

एफईए म्हणजे कॉम्प्युटरवरचं फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस. त्याच्या मॉडेलमध्ये रोलरचा लोड एका रेषेवर देऊ नका, पट्टीच्या खऱ्या रुंदीवर द्या, नाहीतर तिथे खोटा स्ट्रेस दिसतो. फोमला फक्त इलॅस्टिक गुणधर्म दिले की मॉडेल कधीच मोडणार नाही, ग्राफ सरळ वर जात राहील, तेव्हा मॉडेलमधून आधी स्टिफनेस जुळवा आणि मोडण्याचा लोड नंतर, क्रशेबल फोमसारखं प्लॅस्टिसिटी मॉडेल टाकून. आणि कोअरचा शिअर मॉड्युलस टेस्टमधून काढलेलाच मॉडेलला दिलात आणि मग "टेस्ट आणि एफईए ३ टक्क्यांत जुळलं" असं लिहिलंत तर ते जुळणारच होतं. मॉडेल एका स्पॅनवर बसवा आणि दुसऱ्या स्पॅनचा किंवा चार पॉइंटचा रिझल्ट त्याच्याकडून सांगवून घ्या, आणि तो जो येईल तो, १५ टक्के चुकला तरी, तसाच छापा.